टेबलावर एकच डबा

हॅरो फ्लॅट, आयडाहो
सोमवार, ५ सप्टेंबर १९७७

प्रिय क्लेटन,

हे पत्र बुधवारी रूडीच्या विमानातून, टपालाच्या पिशवीत घालून डोंगरातल्या तुझ्या शिकारी तळावर येईल. जानेवारीपासून चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. तू ती उघडतोस की चुलीत घालतोस, मला माहीत नाही. हे उघड. पुढचं वाचायचं नसेल तर ही एकच ओळ वाच: हिरव्या खोक्यातली वीस काडतुसं झाडू नकोस.

कारण साधं आहे. मागच्या पडवीचं छप्पर गेल्या हिवाळ्यात गळत होतं, ते मला आत्ता आवराआवर करताना कळलं. बाबांचं काडतुसांत दारू भरायचं टेबल नेमकं त्याच्याच खाली. तुम्ही ती काडतुसं भरलीत तेव्हा दारूला ओल लागलेली असणार, आणि ओल लागलेल्या दारूचा भरवसा नसतो. खोकं नदीत टाक, नाहीतर रूडीच्या हाती परत दे. दुकानात विकतची काडतुसं आली आहेत. मी एक पेटी पाठवते. एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम एक ऑक्टोबरला उघडतो, तोवर सहज पोचेल.

बाकी इकडे ठीक. मर्लकाकाने आपलंही गवत कापून दिलं. सफरचंदं यंदा बारीक आहेत. फिरतं वाचनालय पंधरा दिवसांनी येतं, त्यातून मी तीन-तीन पुस्तकं घेते. वाचायला आता भिंग लागतं. हल्ली बाबांची काडतुसं भरायची पुस्तकंही वाचते, शेजारी शब्दकोश ठेवून. आठवी शिकलेल्या बाईला त्यातलं काय कळणार म्हणशील, पण कळतं. त्यांच्या त्या नऊ महिन्यांच्या कामात मी फक्त वहीत आकडे लिहीत होते. आकडे कशाचे, ते आता कळतंय.

पडवी आवरायला मला दहा महिने लागले. त्यांचा ॲप्रन अजून खिळ्यावर आहे.

वाचलंस, एवढं तरी कळव.

तुझी,
आई


हॅरो फ्लॅट
बुधवार, १४ सप्टेंबर

क्लेटन,

आज रूडीने विमानातून उतरताउतरताच हात वर करून कागद हलवला. "बाई, पावती आली!" घोड्यांच्या खाद्याच्या पिशवीचा तुकडा होता. तू गेल्यापासूनचं तुझं पहिलं अक्षर. मी तिथेच, धावपट्टीवरच्या वाऱ्यात वाचलं.

"काडतुसं ओलावत नाहीत, आई. टोपी लाखेने बंद केलेली असते, गोळी घट्ट बसलेली असते. हे तुला माहीत आहे. तीन झाडली. तिन्ही एका भोकात. मर्लकाकाला दाखव." आणि सोबत लक्ष्याचा कागद. मध्ये एकच भोक, तीन पाकळ्यांचं. वर दहा सेंटचं नाणं ठेवलं तर झाकून जाईल.

मी तो कागद घेऊन तिथेच जमिनीवर बसले. रूडीला वाटलं मी आनंदाने बसले.

तीन झाडलीस. म्हणजे सतरा राहिली.

मला काय म्हणायचंय असं तुला वाटतंय, ते मला कळतं. बाबांच्या रायफलीची नळी फुटली तेव्हा काकाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पोराने एका पुंगळीत दुप्पट दारू घातली. लक्ष कुठे असतं याचं?" आणि आता आईसुद्धा त्याच दिवशीची, त्याच हाताने भरलेली काडतुसं झाडू नको म्हणते. म्हणजे तिलाही तुझ्याच हाताची खात्री नाही. म्हणून तू ती झाडून दाखवणार. तुम्हा लोकांत ही रीतच आहे, ज्याने भरली त्यानेच आधी झाडायची. बाबा म्हणायचे, आपला स्वयंपाक आपण आधी खावा.

क्लेटन, तुझा हात चुकला असं मी म्हणत नाही. ओल लागली हे खरं नव्हतं. खरं असं आहे: लाल झाकणाच्या डब्यात, तुमच्या रायफलीच्या दारूत, पिस्तुलाची दारू मिसळली आहे. पिस्तुलाची दारू भसकन जळते. रायफलीच्या पुंगळीत ती तेवढ्याच वजनाची घातली तर काय होतं ते आपण पाहिलंय. तू वजन बरोबरच केलंस. डब्यातच खोट होती. साखरेच्या बरणीत कोणी वरून मीठ ओतावं, तसं. एका चमच्यात मीठ, दुसऱ्यात दोन्ही, तळाला नुसती साखर. तीन चमचे गोड लागले म्हणून चौथाही गोडच, असं नसतं.

आणि हे झालं असणार बाबांच्या हातून. त्यांचा नियम तुला माहीत आहे: टेबलावर एकच डबा. मापाच्या नरसाळ्यात जी दारू, तोच डबा शेजारी उभा, बाकीचे सगळे फळीवर. पण थँक्सगिव्हिंगच्या आधी त्यांची धावपळ होती. मर्लच्या पिस्तुलासाठी शंभर काडतुसं भरून द्यायची होती. त्या गडबडीत त्यांनी नरसाळ्याशेजारी चुकीचा डबा ठेवला असेल आणि उरलेली दारू त्यात परत ओतली असेल. माणूसच होते. त्यांना बोल लावत नाही.

वही माझ्यापुढे उघडी आहे. फेब्रुवारीपासून सुरू होते. तारीख, डबा, दारूचं वजन, गोळी किती खोल, पाच भोकांचं अंतर. प्रत्येक वेळी दारू दोन दशांश ग्रेन जास्त, मग पाच झाडायची, मोजायची. मग एक दशांश मागे. मग गोळी केसभर आत. तुम्ही दोघं खडीच्या खाणीतून परत यायचात, बाबा आकडे सांगायचे, मी लिहायचे. ऑक्टोबरमध्ये एके दिवशी त्यांनी आकडे सांगितलेच नाहीत. माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि स्वतःच लिहिलं: "सापडलं. आता काही बदलायचं नाही." मग माझी वेणी ओढली. पंचावन्न वर्षांचा माणूस.

मी रूडीला म्हटलं, त्याच्याकडून ते खोकं काढून आण. तो हसला. "बाई, पुरुषाचा दाताचा ब्रश मागेन, बायको मागेन, पण त्याची काडतुसं नाही मागणार." पुढच्या बुधवारी तो हे पत्र आणेल. तोवर हात लावू नकोस. हात जोडते.

आई


हॅरो फ्लॅट
बुधवार, २८ सप्टेंबर, दुपार

क्लेटन,

तुझं उत्तर पाठ झालंय. "आधी ओल. आता बाबा. पुढच्या आठवड्यात उंदीर म्हणशील. बाबांनी आयुष्यात चुकीचा डबा टेबलावर ठेवला नाही. मेलेल्या माणसावर ढकलू नकोस. माझाच हात चुकला असं म्हणायचं असेल तर तसं लिही, मी सहन करीन. शनिवारी मोसम उघडतो. चौथं काडतूस शर्टाच्या खिशात ठेवलंय. एल्क पडला की उरलेली सोळा घेऊन मी काकाच्या दारात येईन."

तू बरोबर आहेस. त्यांनी चुकीचा डबा ठेवला नव्हता. तो मी ठेवला.

आता नीट लिहिते, काही न वगळता.

चोवीस नोव्हेंबर, बुधवार, थँक्सगिव्हिंगचा आदला दिवस. मर्लचं सगळं घर जेवायला येणार होतं. भोपळ्याचे सहा पाई भट्टीत होते आणि ते गार करायला ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी पडवीतलं टेबल रिकामं करायला घेतलं. बाबांना मर्लने गाय अडली म्हणून मध्येच बोलावलं होतं, ते आपल्याच गोठ्याकडे गेले होते. नरसाळ्यात दारू अर्धी होती आणि शेजारी पिवळ्या झाकणाचा डबा उभा होता. पिस्तुलाचा. नियमाप्रमाणे. अगदी बरोबर.

मी आधी डबा उचलला आणि फळीवर इतर डब्यांत ठेवून दिला. मग टेबल पुसलं. मग दिसलं की नरसाळ्यात अजून दारू आहे. फळीकडे वळले, तर डबे सगळे सारखेच, एकाच आकाराचे, आणि ठेवलेल्या डब्याच्या झाकणाचा रंग मी पाहिलाच नव्हता. मी एकाचं झाकण उघडून पाहिलं. आत करडे बारीक दाणे, खसखशीसारखे. नरसाळ्यातही करडे बारीक दाणे. पाई करपल्याचा वास येत होता. मी लाल झाकणाच्या डब्यात ओतून टाकलं.

गोठा पडवीपासून चाळीस पावलांवर आहे. आता मी ती मोजली आहेत. दारातून हाक मारली असती तरी त्यांना ऐकू गेली असती.

शनिवारी तू त्याच डब्यातून पंचवीस पुंगळ्या भरल्यास. पाच बाबांना, वीस तुला. रविवारी त्यांनी पहिलीच झाडली.

मला हे ऑगस्टमध्ये कळलं. पुस्तकात वाचलं: मापातली दारू कुठली आहे याची पुरती खात्री नसेल तर ती डब्यात परत घालू नये, जाळून टाकावी किंवा बागेत पसरावी. ते वाक्य मी तीनदा वाचलं. मग वहीत तेवीस तारीख पाहिली: "मर्लच्या पिस्तुलासाठी, डबा पिवळा." मग लाल डब्यातली चिमूटभर दारू पांढऱ्या बशीत घेतली आणि वाचायचं भिंग धरलं. नुसत्या डोळ्यांना सगळे दाणे सारखे दिसतात. भिंगातून दोन जातीचे दिसतात. काही गोल, काही चेपलेले, ओटच्या दाण्यासारखे.

तुझं उत्तर घेऊन मी रूडीच्या शेडमध्येच उभी होते. मर्लही होता तिथे, ट्रॅक्टरचा सुटा भाग घ्यायला आलेला. मी म्हटलं, "रूडी, आत्ता परत जायला हवं."

"बाई, मी आत्ताच उतरलोय. पुढचा बुधवार."

"पुढच्या बुधवारी उपयोग नाही. शनिवारी तो झाडणार."

मर्ल म्हणाला, "झाडू दे की. यावेळी तरी शुद्धीवर राहून भरली असतील त्याने."

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "मर्ल, दुप्पट दारू नव्हती. पोराने काही केलं नाही. तुझ्या पिस्तुलाची दारू मी लाल डब्यात ओतली. पाई ठेवायला. ऑरिनला मी मारलं."

तो हातातला नट बघत राहिला. शेडमध्ये आणखी दोघं होते, त्यांची नावं सांगत नाही. मग मर्ल म्हणाला, "तू काहीतरी वाचतेस आणि डोक्यात घेतेस, नेल्डा."

"भिंग घेऊन ये घरी. दाखवते."

"दहा महिने मी त्या पोराला…" त्याने नट खिशात घातला, तसाच बाहेर गेला. त्याचे पैसेही दिले नाहीत.

रूडीने नदीकाठच्या तळाला रेडिओवर निरोप दिला. तिकडून उत्तर आलं की तू काल सकाळीच शिकाऱ्यांचे घोडे घेऊन वरच्या तळावर गेलास. तिथे रेडिओ नाही, आणि नुसत्या तोंडी निरोपाने तू थांबणार नाहीस. उद्या धुकं नसेल तर रूडी हे पत्र घेऊन उडणार आहे आणि खालच्या तळावरून कोणीतरी ते घोड्यावर वर आणणार आहे. मी म्हटलं, मीही येते. तो म्हणाला, "त्या धावपट्टीवर मला एकट्याला थांबायला जागा पुरत नाही, बाई. तुम्ही आलात तर दोघं झाडावर जाऊन बसू."

खिशातलं ते काढून ठेव. एवढंच. माझ्याशी पुन्हा कधी बोलू नकोस, पण ते काढून ठेव.

आई


धावपट्टी
शुक्रवार, ३० सप्टेंबर, सकाळचे दहा

काल दिवसभर धुकं होतं. आजही आहे. मी सहापासून रूडीच्या शेडमध्ये पिंपावर बसले आहे. तो दर अर्ध्या तासाने बाहेर जातो, डोंगराकडे बघतो, आत येऊन कॉफी ओततो. "कड दिसली की निघतो." कड दिसत नाही. परवाचं पत्र त्याच्या जाकिटात आहे. त्याच्याबरोबर हे जोडते, कारण त्यातही एक गोष्ट खोटी आहे. तुला खोट्याचा वास येतो. एक खोटं सापडलं तर तू सगळंच फेकून देशील. दोनदा तसं झालंय, आणि दोन्ही वेळा तुझं बरोबरच होतं.

मला ते ऑगस्टमध्ये कळलं नाही.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी बाबा शुद्धीवर आले. चेहरा पट्टीत, एक डोळा उघडा. तू बाहेर फोनवर होतास. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "नेल, कुठला डबा?"

मी म्हटलं, "झोप, ऑरिन."

"नरसाळं रिकामं होतं. मी रिकामं केलं नव्हतं. कुठला डबा?"

मी म्हटलं, "समोर होता तोच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "हं." आणि डोळा मिटला. पुन्हा कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मर्ल भेटायला आला, तेव्हा त्याला म्हणाले, "पोराचा हात नव्हता." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मर्ल बाहेर बाकड्यावर बसून रडला. मला म्हणाला, "बापच तो. बापासारखंच बोलणार." मी मान हलवली. हो म्हटलं. कारण पोराचा नाही, तर मग कोणाचा, असा पुढचा प्रश्न आला असता.

मग आठ दिवसांनी ते गेले. प्रेतयात्रेनंतर चर्चच्या तळघरात, बटाट्याच्या सॅलडच्या भांड्याशेजारी, मर्लने तुला जे म्हटलं ते सगळ्यांनी ऐकलं. तू माझ्याकडे पाहिलंस. फक्त माझ्याकडे. मी बशा गोळा करत होते. गोळा करत राहिले.

तू त्याच आठवड्यात गेलास. मी स्वतःला सांगितलं, मला नक्की आठवत नाही. मला फळी आठवत नव्हती, झाकणाचा रंग आठवत नव्हता. न आठवण्यालाही कष्ट लागतात, क्लेटन. म्हणूनच मी ऑगस्टपर्यंत पडवीत गेले नाही. पुस्तकातल्या त्या वाक्याने मला काही नवं सांगितलं नाही. फक्त आता ते छापलेलं होतं.

आणि तरीसुद्धा, पहिल्या पत्रात मी ओल लिहिली. दुसऱ्यात त्यांच्यावर ढकललं. तुझा जीव जाईल हे माहीत असून मी दोन बुधवार माझी लाज सांभाळली. हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

बाबा तुला वाचवायला बोलले आणि मला वाचवायला थांबले. दोन्ही जमलं नाही त्यांना. त्यांच्या हातात तेवढेच दिवस होते.

रूडी आत आला. म्हणतो, कड दिसतेय. पाकीट मागतोय.

खिशातलं चौथं. काढून ठेव.


हॅरो फ्लॅट
गुरुवार, १३ ऑक्टोबर

क्लेटन,

काल रूडीने खोकं आणून दिलं. मी ते त्याच्यासमोर उघडलं नाही, घरी आणलं, टेबलावर ठेवलं, मग कोंबड्यांना दाणे टाकून आले. मग उघडलं. आत सतरा पुंगळ्या, सतरा गोळ्या वेगवेगळ्या काढलेल्या, दारू नाही. आणि त्याच खाद्याच्या पिशवीचा तुकडा.

"चौथ्यात होती. वही पाठव."

एवढंच. मी उलटून पाहिलं. मागे फक्त ओटचं चित्र होतं.

बाकीचं रूडीने सांगितलं. घोडेस्वार शनिवारी पहाटे वरच्या तळावर पोचला तेव्हा तू खोगीर आवळत होतास. दोन्ही पत्रं उभ्यानेच वाचलीस. मग रायफलीचा बोल्ट मागे ओढलास, आणि काडतूस तुझ्या तळहातावर पडलं. खिशात नव्हतंच, आत घातलेलं होतं. त्या दिवशी तू शिकारीला गेला नाहीस. स्वयंपाकाच्या तंबूत बसून एकेक गोळी पकडीने ओढून काढलीस, कुणाचं तरी भिंग मागून घेतलंस, पांढऱ्या ताटलीत दाणे पसरून पाहिलेस. स्वयंपाकी म्हणत होता म्हणे, "माझ्या ताटलीत आज तरी पोरिज वाढू दे रे." तू हसला नाहीस. मग दारू बाहेर बर्फावर ओतून पेटवलीस. रूडी म्हणाला, "हातभर ज्वाळा उठली, बाई, आणि तो तिच्याकडे बघत उभा राहिला." मी विचारलं, "काही बोलला?" तो म्हणाला, "घोडं सोडायला सांगितलं."

मी लाल डबा गुलाबांच्या वाफ्यात रिकामा केला. बाबा तेच करायचे. म्हणायचे, झाडाला कुठली दारू ते कळत नाही, त्याला सगळं चालतं.

मर्ल दहा दिवस फिरकला नाही. शनिवारी आला, शिडी घेऊन. "छप्पर कुठे गळतं ते दाखव," म्हणाला. रूडीने त्याला काय काय सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, "मर्ल, राहू दे." तो चढलाच. पाऊण तास वर होता. खाली उतरून हात पुसत म्हणाला, "छप्पर गळत नाही, नेल्डा."

"माहीत आहे."

"कधीच गळत नव्हतं."

"नाही."

तो पायरीवर बसला. मी कॉफी दिली. ती त्याने गार होऊ दिली. मग म्हणाला, "त्या पोराच्या दारात मी जाईन. त्याने माझ्या दारात यायचं कारण नाही." रविवारी चर्चमध्ये तो उभा राहून बोलला. मीही बोलले. लोक आता माझ्याकडे बघत नाहीत, किंवा फार बघतात. ते माझंच आहे, तू त्याची काळजी करू नकोस.

वही या पत्राबरोबर पाठवते. तुला ती आकड्यांसाठी हवी असेल: नवी दारू, नवा डबा, त्याच रायफलीसाठी पुन्हा पहिल्यापासून. किंवा बाबांचं अक्षर बघायला हवी असेल. किंवा मी लिहिलेलं खरं आहे का ते पडताळायला. कशालाही हवी असो, ती तुझीच आहे. तू परत येशील असं मी धरून चाललेले नाही.

एक मात्र न विचारता केलं. बाबा प्रत्येक तारखेनंतर एक ओळ सोडायला लावायचे, तुला आठवत असेल. तेवीस नोव्हेंबर आणि सत्तावीस नोव्हेंबर यांच्यामध्येही एक ओळ रिकामी होती. दहा महिने ती तशीच होती. मी पेन्सिल घेतली, रकाने सांभाळून, नेहमीच्या अक्षरात लिहिलं.

तारखेच्या रकान्यात: २४ नोव्हेंबर, बुधवार.

शेरा: नरसाळ्यात पिस्तुलाची दारू होती. ती नेल्डाने परत ओतली.

आणि डब्याच्या रकान्यात, ज्याबद्दल त्यांनी मला दवाखान्यात विचारलं होतं: लाल.

आई